डेटाबेसचा आवृत्तीबदल आणि परतीची वाट

लोअर परळला सेनापती बापट मार्ग आणि ना. म. जोशी मार्ग यांच्या आसपास, एकेकाळी गिरण्यांच्या असलेल्या जमिनींवर, गेल्या तीन दशकांत जी कार्यालये उभी राहिली, त्यांपैकी काहींचा मूळ व्यवसाय नोंद ठेवणे हाच आहे. एचडीएफसी बँकेचे नोंदणीकृत कार्यालय सेनापती बापट मार्गावर आहे. देशातील पहिली डिपॉझिटरी, म्हणजे शेअर संगणकीय नोंदीत सांभाळणारी संस्था, असलेल्या एनएसडीएलचा कारभार दीर्घकाळ कमला मिल्सच्या आवारातील ट्रेड वर्ल्ड इमारतीतून चालला, तर दुसरी डिपॉझिटरी सीडीएसएल हिने मफतलाल मिलच्या जागेवरील मॅरेथॉन फ्यूचरेक्समध्ये बस्तान बसवले. अमुक इतके पैसे किंवा अमुक इतके शेअर अमुक व्यक्तीच्या मालकीचे आहेत, एवढेच या संस्थांना अखेर छातीठोकपणे सांगता यावे लागते, आणि ते सांगण्याचा आधार आता कागदी खतावणीत नसून डेटाबेसमध्ये असतो. त्यामुळे तो डेटाबेस ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्याची आवृत्ती बदलणे हे काम वरकरणी तांत्रिक दिसले, तरी परिणामांच्या दृष्टीने ते चालू व्यवहारांच्या मध्यात खातेवही बदलण्याचेच काम ठरते. या कामाच्या पद्धतींचा आढावा घेतल्यास असे दिसते की, डेटा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याचा प्रश्न बहुतांशी सुटलेला आहे. नवी व्यवस्था बिघडल्यास जुनीकडे परत फिरण्याची वाट किती वेळ मोकळी ठेवता येईल, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, आणि बहुतेक योजनांत तो सर्वांत कमी पाने व्यापतो.

संज्ञांबाबत थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. डेटाबेसच्या त्याच आवृत्तीवर बसवली जाणारी लहान दुरुस्ती म्हणजे पॅच. त्याच उत्पादनाच्या जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जाणे म्हणजे अपग्रेड. आणि एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर, एका उत्पादनातून दुसऱ्या उत्पादनात किंवा स्वतःच्या डेटा सेंटरमधून क्लाउडवर जाणे म्हणजे मायग्रेशन. पुस्तकात हे तीन प्रकार वेगळे असले, तरी प्रत्यक्षात ते बहुधा एकत्रच येतात, कारण नवी आवृत्ती जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत नाही, नवी ऑपरेटिंग सिस्टिम जुन्या सर्व्हरवर बसत नाही, आणि सर्व्हर बदलायचाच आहे तर जागाही बदलून घ्यावी, असा विचार खर्चाला मंजुरी देणाऱ्यांच्या मनात येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा डीबीएंचा, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रशासकांचा, जुना आग्रह या टप्प्यावर मागे पडतो.

संस्था हा खटाटोप हौसेने करत नाहीत. उत्पादकाचा पाठिंबा संपणे, म्हणजे त्या आवृत्तीसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे बंद होणे, हे त्यामागचे मुख्य कारण असते. प्रचलित डेटाबेस उत्पादनांपैकी एसक्यूएल सर्व्हर २०१२चा पाठिंबा जुलै २०२२मध्ये आणि २०१४चा जुलै २०२४मध्ये संपला, मायएसक्यूएल ५.७ची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये सरली. पोस्टग्रेएसक्यूएलची दरवर्षी नवी प्रमुख आवृत्ती येते आणि प्रत्येकीला पाच वर्षांचे आयुष्य असते. ओरॅकलच्या १९सी आवृत्तीची मुदत मात्र वाढत जाऊन नेहमीच्या पाठिंब्यासाठी २०२९च्या अखेरपर्यंत गेली आहे. नियमनाखालील वित्तसंस्थेला पाठिंबा संपलेली आवृत्ती चालू ठेवणे लेखापरीक्षणात महागात पडते. यामुळे तारीख बाहेरून ठरते आणि तयारी आतून करावी लागते, आणि या दोन्हींमधला ताण पुढच्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी असतो.

ही तयारी ज्या वेळेत वापरायची ती वेळच भारतात गेल्या काही वर्षांत आटली आहे. बँका संध्याकाळी दिवस बंद करत, रात्री व्याजाची आणि ताळमेळाची कामे चालत आणि पहाटेपूर्वीचे काही तास देखभालीला मोकळे मिळत, असा एक क्रम होता. १६ डिसेंबर २०१९पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२०पासून आरटीजीएस चोवीस तास सुरू झाले. यूपीआय तर पहिल्यापासूनच रात्र ओळखत नव्हते. जुलै २०२४ या एका महिन्यात यूपीआयवर सुमारे १,४४४ कोटी व्यवहार झाले, म्हणजे दिवसाला साधारण साडेशेहेचाळीस कोटी. अशा स्थितीत डाउनटाइमची, म्हणजे सेवा बंद ठेवण्याची, मुभा जवळजवळ उरत नाही. सप्टेंबर २०१५पासून बँकांना मिळू लागलेली दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी हा त्यातला एक आडोसा आहे, आणि मोठी कामे त्याच दिवसांवर लावलेली आढळतात.

एचडीएफसी बँकेने आपल्या कोअर बँकिंग प्रणालीचे नव्या प्लॅटफॉर्मवरील स्थलांतर १३ जुलै २०२४ रोजी केले, तोही महिन्याचा दुसरा शनिवार होता. बँकेचे ग्राहक त्या वेळी सुमारे ९.३ कोटी होते. कोअर बँकिंग प्रणाली म्हणजे सर्व शाखांची सर्व खाती जिथे एकत्र सांभाळली जातात ती मध्यवर्ती व्यवस्था. बँकेने जाहीर केलेले वेळापत्रक बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण अशा कामाची अंतर्गत रचना बाहेरच्या वाचकाला इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते. काम पहाटे ३पासून दुपारी ४:३०पर्यंत, म्हणजे साडेतेरा तास चालणार होते. या काळात एनईएफटी, आरटीजीएस आणि आयएमपीएस बंद राहणार होते. यूपीआय मात्र पहाटे ३ ते ३:४५ आणि सकाळी ९:३० ते दुपारी १२:४५ एवढ्याच दोन तुकड्यांत बंद असणार होते. एटीएम आणि कार्डावरचे व्यवहार मर्यादित रकमेपर्यंत चालणार होते. ग्राहकाला दिसणारी शिल्लक अपग्रेडपूर्वीची असणार होती. आणि पैसे काढायचे असल्यास आदल्या संध्याकाळी साडेसातच्या आत काढून ठेवावेत, असा सल्ला होता.

मुख्य खातेवही बंद असताना यूपीआय मधले काही तास चालू राहते, याचा अर्थ त्या वेळी व्यवहार मंजूर करणारी व्यवस्था मूळ खात्याला विचारत नव्हती. गोठवलेल्या शिल्लकेची एक प्रत बाजूला ठेवून तिच्या आधारे ती होकार-नकार देत होती, असा निष्कर्ष काढणे वाजवी ठरते. कार्डावरच्या रकमेची मर्यादाही त्याच दिशेने बोट दाखवते, कारण शिल्लकेचा आकडा शिळा असताना चूक झालीच तर ती किती रुपयांची असावी, हे त्या मर्यादेने ठरते. यूपीआय बंद असण्याचे दोन तुकडे मग सांध्यांसारखे दिसतात: पहिला मूळ व्यवस्थेकडून पर्यायी प्रतीकडे जाण्याचा, पाऊण तासाचा, दुसरा त्या प्रतीवर साठलेले व्यवहार नव्या व्यवस्थेत ओतून तिच्याशी जोडणी करण्याचा, सव्वातीन तासांचा. जाण्यापेक्षा परतण्याच्या सांध्याला चौपटीहून अधिक वेळ राखून ठेवलेला दिसतो, आणि अवघड काम कोणते याचा तो अप्रत्यक्ष कबुलीजबाबच मानता येईल.

आवृत्तीबदलाच्या रूढ पद्धती तीन. पहिलीत डेटाच्या फाइली आहेत तिथेच ठेवून केवळ सॉफ्टवेअर आणि डेटाबेसचा अंतर्गत कोश नव्या आवृत्तीचा केला जातो. ती वेगवान असते आणि डेटा किती मोठा आहे यावर तिचा वेळ फारसा अवलंबून नसतो. दुसरीत सर्व डेटा बाहेर काढून नव्या डेटाबेसमध्ये पुन्हा भरला जातो, ज्यामुळे वर्षानुवर्षांची साठलेली विस्कळीत मांडणी आपोआप सुधारते, पण अनेक टेराबाइटच्या डेटाला एक रात्र पुरत नाही. तिसरीत नवा डेटाबेस आधीच उभा करून जुन्यावरचा प्रत्येक बदल रेप्लिकेशनने, म्हणजे बदलांच्या अखंड प्रवाहाने, त्याच्याकडे पोहोचवला जातो आणि दोन्ही एका पातळीवर आले की ॲप्लिकेशनची तोंडे काही मिनिटांत नव्याकडे वळवली जातात. या क्षणाला कटओव्हर म्हणतात. ओरॅकलमध्ये गोल्डनगेट या साधनाने आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१७च्या १०व्या आवृत्तीपासून अंगभूत आलेल्या लॉजिकल रेप्लिकेशनने हे साधते.

या पद्धतींची तुलना सहसा वेळेच्या निकषावर केली जाते. ती परतीच्या निकषावर करून पाहिली की चित्र वेगळे दिसते. ओरॅकलमध्ये अपग्रेडपूर्वी हमीचा पुनर्स्थापन-बिंदू करून ठेवला, तर डेटाबेस त्या क्षणाकडे मागे नेता येतो. मात्र ‘कंपॅटिबल’ हे मूल्य नव्या आवृत्तीचे केले की हा मार्ग बंद होतो, म्हणून अनुभवी डीबीए ते काही आठवडे जुनेच ठेवतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये जुन्या आवृत्तीची फाइल नव्या सर्व्हरला जोडताच तिचे आपोआप रूपांतर होते, आणि नव्या आवृत्तीत घेतलेला बॅकअप जुनीवर उतरवता येत नाही. मायएसक्यूएल ८.०वरून ५.७वर जागच्या जागी उतरण्याची सोयच नाही. पोस्टग्रेएसक्यूएलच्या अपग्रेड साधनात फाइलींची प्रत न करता त्या जुन्या-नव्यात सामायिक ठेवण्याचा वेगवान पर्याय आहे. तो निवडून नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुना सुरक्षितपणे सुरू करता येत नाही. थोडक्यात, जी पद्धत जितकी झटपट, तिचे दार तितके लवकर लागते.

याहून मूलभूत अडचण कोणत्याच उत्पादनाच्या हातात नाही. कटओव्हरनंतर पहिला ग्राहक नव्या डेटाबेसवर पहिला व्यवहार करतो, त्या क्षणापासून जुना डेटाबेस अपूर्ण होतो. तासाभराने मागे फिरायचे तर तासाभराचे व्यवहार सोडून द्यावे लागतात, आणि बँकेत किंवा डिपॉझिटरीत ते अशक्य असते. यावर एकच खरा उपाय आहे, तो म्हणजे कटओव्हर होताच रेप्लिकेशनची दिशा उलटवून नव्यावरचे बदल जुन्याकडे पोहोचवत राहणे. याला दुप्पट यंत्रे, दुप्पट परवाने आणि वेगळी चाचणी लागते, म्हणून खर्चाच्या कात्रीत तो पहिला सापडतो. मोठ्या संस्थेसाठी ही काटकसर चुकीची आहे, असे स्पष्टपणे म्हणायला हवे.

नव्या आवृत्तीत डेटा शाबूत असूनही व्यवस्था कोलमडते, याचे एक नेहमीचे कारण म्हणजे क्वेरी ऑप्टिमायझर. डेटाबेसला प्रश्न विचारताना काय हवे तेवढेच सांगितले जाते. ते कोणत्या वाटेने शोधायचे हे ऑप्टिमायझर, म्हणजे मार्ग निवडणारा घटक, आकडेवारीच्या अंदाजावर ठरवतो. एसक्यूएल सर्व्हर २०१४मध्ये हा अंदाज बांधणारा भाग १९९८च्या ७.० आवृत्तीनंतर प्रथमच मुळापासून बदलला. बहुतेक क्वेरी त्याने सुधारल्या आणि काही मोजक्या बिघडल्या. अडचण अशी की त्या मोजक्यांत महिनाअखेरच्या व्याजाची क्वेरी असू शकते, आणि ती मधल्या शनिवारच्या चाचणीत चालवलेलीच नसते. म्हणून सॉफ्टवेअर नवे करून वागणूक जुन्या आवृत्तीची ठेवण्याची, जुन्या वाटा नोंदवून ठेवण्याची आणि मग एकेक पायरी चढण्याची सोय ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर या दोन्ही उत्पादनांनी दिली आहे. तिचा गैरवापरही होतो; अनेक ठिकाणी पायरी चढण्याचे काम राहूनच जाते आणि नवी आवृत्ती वर्षानुवर्षे जुन्या सवयीने चालते.

दुसरे कारण अक्षरांशी निगडित आहे, आणि मराठी नोंदी ठेवणाऱ्यांना ते अधिक जवळचे आहे. इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन सापडावी म्हणून ठेवलेली क्रमवार सूची, अक्षरांच्या वर्गवारीच्या नियमांवर उभी असते. पोस्टग्रेएसक्यूएल हे नियम बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीकडून, म्हणजे तयार प्रोग्रामांच्या संचाकडून, घेतो. २०१८मध्ये लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत ते नियम बदलले, आणि ज्यांनी डेटाबेसला हात न लावता फक्त खालची ऑपरेटिंग सिस्टिम नवी केली त्यांच्या सूच्या जुन्या क्रमाने लावलेल्या, तर शोध नव्या क्रमाने घेतला जाणारा, अशी स्थिती झाली. नोंद तक्त्यात असते, पण शोधल्यावर सापडत नाही. एकच असावे असे नाव दोनदा भरले जाते. आणि कोणतीही चूक पडद्यावर झळकत नाही. देवनागरीत याला आणखी एक पदर आहे. ‘कऱ्हाडे’ या आडनावातला ऱ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, तसाच साधा र आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण बाइट वेगळे. स्थलांतराच्या एखाद्या टप्प्याने एका तक्त्यातली रूपे एकसारखी केली आणि दुसऱ्यातली तशीच राहिली, तर केवायसीतला कऱ्हाडे आणि खात्यातला कऱ्हाडे या डेटाबेसच्या लेखी दोन व्यक्ती होतात.

उत्पादनच बदलायचे असेल तर असे सूक्ष्म फरक अधिक वाढतात. ओरॅकल रिकामा मजकूर आणि ‘मूल्य नाही’ यांत भेद करत नाही, पोस्टग्रेएसक्यूएल करतो. ओरॅकलमध्ये पत्त्याच्या तीन ओळी जोडताना मधली नसली तर उरलेल्या दोन जोडल्या जातात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये नेहमीच्या जोडचिन्हाने तेच केले तर सबंध पत्ताच नाहीसा होतो. परवान्याचा खर्च वाचवण्यासाठी हा प्रवास अनेक संस्था करत आहेत, आणि तो योग्यही असू शकतो. पण त्याला अपग्रेड समजून अपग्रेडइतकीच मुदत देणे हे पुनर्लेखनाला नक्कल समजण्यासारखे आहे.

यामुळे जुळवणी, म्हणजे जुन्या आणि नव्या नोंदींचा मेळ घालून पाहणे, हे स्थलांतराचे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे अंग ठरते. ओळींची संख्या जुळणे ही फक्त सुरुवात. रकमांच्या बेरजा जुळल्या तरी दोन खात्यांच्या रकमांची अदलाबदल झालेली असू शकते. म्हणून प्रत्येक ओळीचा गणिती ठसा काढून तो दोन्हीकडे ताडून पाहिला जातो. त्यापुढे राहते ती माणसाने करायची खातरजमा. महाराष्ट्रात सातबाऱ्याच्या संगणकीकरणात २०१७मध्ये चावडी वाचनाची मोहीम घेऊन संगणकातला उतारा गावापुढे वाचून दाखवण्यात आला आणि खातेदारांकडून हरकती घेण्यात आल्या. नोंदीचा खरा मालक हाच तिचा अंतिम तपासनीस, हे तत्त्व यात जितक्या थेटपणे अमलात आले तितके ते कॉर्पोरेट स्थलांतरांत क्वचितच येते. रिझर्व्ह बँकेच्या ७ नोव्हेंबर २०२३च्या आणि १ एप्रिल २०२४पासून लागू झालेल्या माहिती-तंत्रज्ञान प्रशासनविषयक निर्देशांत डेटा स्थलांतराचे लेखी धोरण असावे आणि प्रत्येक टप्प्यावर व्यवसाय विभागाची व ॲप्लिकेशनच्या मालकांची लेखी संमती घ्यावी, असे सांगितले आहे. संगणक विभागाने स्वतःच स्वतःला उत्तीर्ण करू नये, हा त्यामागचा रोख आहे.

डेटा नीट पोहोचला म्हणजे काम झाले, या समजाला सर्वांत मोठा तडा ब्रिटनमधील टीएसबी बँकेच्या उदाहरणाने गेला. लॉइड्स बँकेच्या व्यवस्थेतून तत्कालीन मालक सबाडेल बँकेच्या व्यवस्थेवर सुमारे ५२ लाख ग्राहक नेण्याचे काम २०१८च्या एप्रिलमध्ये एका शनिवार-रविवारात उरकले गेले. नियामकाच्या म्हणण्यानुसार डेटा यशस्वीपणे पोहोचला, पण नवी व्यवस्था सुरू होताच बिघडली. सुमारे १९ लाख ग्राहक आपल्या खात्यांपर्यंत पोहोचू शकले नाहीत आणि कारभार पूर्वपदावर यायला डिसेंबर उजाडला. चौकशीत पुढे आलेल्या बाबींपैकी एक अशी होती की, दोन डेटा सेंटर वापरात असूनही भाराची चाचणी एकाचवर झाली होती. डिसेंबर २०२२मध्ये ४.८६५ कोटी पौंडांचा दंड झाला. लक्षणीय बाब ही की सगळे ग्राहक एकदम नेल्यामुळे मागे वळायला जागा उरली नव्हती. याउलट विजया आणि देना या बँका १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्यावर त्यांच्या शाखांचे स्थलांतर टप्प्याटप्प्याने झाले: विजयाच्या २,१२८ शाखा सप्टेंबर २०२०पर्यंत आणि मुंबईच्या देना बँकेच्या १,७७० शाखा डिसेंबर २०२०पर्यंत. तिन्ही बँका फिनॅकल हीच प्रणाली वापरत असूनही यास पावणेदोन वर्षे लागली. टप्प्यांची पद्धत संथ आणि ग्राहकांना गैरसोयीची असते, हे खरे. पण पहिल्या तुकडीतली चूक दुसऱ्या तुकडीआधी दुरुस्त करता येते, आणि वेळेच्या हिशेबात ही सवड फार मोलाची आहे.

परतीच्या वाटेचा विचार कायद्यानेच करून ठेवल्याचे एक उदाहरण लोअर परळच्याच संस्थांच्या जन्मकथेत आहे. १९९६च्या डिपॉझिटरी कायद्याने शेअर प्रमाणपत्रांच्या जागी संगणकीय नोंद आणली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एनएसडीएल सुरू झाली. डिमॅटसाठी, म्हणजे कागदाऐवजी संगणकीय नोंद करून घेण्यासाठी, दिलेले प्रमाणपत्र शिक्का मारून निकामी केले जाते, म्हणजे कागद पुन्हा चलनात येण्याची वाट बंद होते. पण नोंदीतून बाहेर पडून पुन्हा कागद मागण्याचा, म्हणजे रिमॅटचा, अधिकारही त्याच कायद्याने गुंतवणूकदाराला दिला. तो फारच थोड्यांनी वापरला असेल, तरी नव्या व्यवस्थेवर विश्वास ठेवण्याचा निर्णय लोकांना हलका वाटावा, यात अशा तरतुदीचा वाटा असतो.

संस्थांच्या योजनांत परतीच्या वाटेला बहुधा एकच ओळ मिळते: ‘अडचण आल्यास रोलबॅक करावा’, म्हणजे मागे फिरावे. कोणती अडचण, किती वाजेपर्यंत आणि कोणी ठरवायचे, हे त्या ओळीत नसते. साडेतेरा तासांच्या कामात परत फिरायलाच पाच तास लागणार असतील, तर निर्णयाची खरी वेळ साडेआठव्या तासाला येते, आणि त्या घडीला चाचण्या अजून अर्ध्यावर असतात. त्या घटकेला कामात गुंतलेल्या माणसांकडून तटस्थ निवाड्याची अपेक्षा करणे गैर आहे. म्हणून निकष आकड्यांत, आधी आणि कामाबाहेरच्या अधिकाऱ्याच्या सहीने ठरलेले असावे लागतात.

कटओव्हर यशस्वी झाल्यावरही जुना डेटाबेस लगेच संपत नाही. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपावी लागतात, बँकांच्या नोंदींनाही पाच ते आठ वर्षांचे नियम आहेत, आणि न्यायालयात वाद चालू असल्यास ही मुदत लांबते. नव्या व्यवस्थेत सर्व इतिहास न्यायचा तर स्थलांतर जड होते, आणि न न्यावा तर पाठिंबा संपलेली जुनी आवृत्ती, तिला लागणारी ऑपरेटिंग सिस्टिम आणि ती जाणणारा एखादा निवृत्तीजवळ आलेला डीबीए, हे सगळे केवळ वाचण्यापुरते सांभाळावे लागते. बऱ्याच संस्थांनी दुसरा मार्ग पत्करला आहे. अशी यंत्रे जाळ्यापासून तोडून ठेवलेली असतात, त्यांच्यावर पॅच बसत नाहीत, आणि लेखापरीक्षकाच्या यादीत ती दरवर्षी अपवाद म्हणून नव्याने मंजूर होतात.